जुनाट फिशर: घरी काय करावे आणि कुठे थांबावे

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या नाजूक त्वचेला पडलेली उभी चीर. जखम जेमतेम एखादा सेंटिमीटर लांब असते, पण शौचाच्या वेळी काच कापत जावी तशी दुखते आणि नंतर तासभर, कधी तीन-चार तास आग आणि ठणका राहतो. भांड्यात किंवा शौचावर लालभडक रक्ताचे थेंब दिसतात. ही चीर सहा ते आठ आठवड्यांत भरली नाही, तर तिला जुनाट फिशर म्हणतात.

आपल्याकडे त्या जागेचा कुठलाही त्रास 'मूळव्याध' या एकाच नावाने ओळखला जातो. त्यामुळे फिशरचे रुग्ण महिनोन्‌महिने मूळव्याधीच्या गोळ्या खात राहतात. ढोबळ फरक लक्षात ठेवा. मूळव्याधीत रक्त जाते, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडे आणि वेदना फार. जुनाट फिशरच्या बाहेरच्या टोकाला त्वचेचा छोटा कोंब तयार होतो. हाताला तो लागला की 'मूळ बाहेर आले' असे वाटून रुग्ण घाबरतात. तो कोंब फक्त त्वचेचा असतो आणि त्याने धोका नसतो. खरा प्रश्न त्याच्या आतल्या चिरेचा आहे.

जखम भरत का नाही?

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचे कडे आपण मनाने आवळू शकतो, सोडू शकतो. आतले कडे आपल्या ताब्यात नसते. चिरेची वेदना झाली की हे आतले कडे आपोआप घट्ट आवळते. आवळल्यामुळे जखमेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. बहुतेक फिशर पाठीच्या बाजूला, मधल्या रेषेत असतात आणि तिथला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. रक्त कमी, म्हणून जखम भरत नाही. जखम उघडी, म्हणून वेदना. वेदना, म्हणून पुन्हा आवळणे.

यात भीतीची भर पडते. दुखेल म्हणून तुम्ही शौचाला जाणे टाळता. थांबवून ठेवलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेत राहते, मळ आणखी कडक होतो आणि दोन दिवसांनी जाता तेव्हा अर्धी भरलेली चीर पुन्हा फाटते. म्हणून घरच्या उपचारात तीन गोष्टी साधायच्या असतात: मळ मऊ ठेवणे, आवळलेला स्नायू सैल करणे आणि जखमेला त्रास न देणे.

मऊ म्हणजे पातळ नव्हे. पिकलेल्या केळ्यासारखा, आकार धरणारा पण न कुंथता बाहेर येणारा मळ हवा. रोज जुलाब होतील अशी चूर्णे, एरंडेल किंवा सोनामुखी घेत राहिलात, तर वारंवारच्या पातळ शौचानेही चीर चिघळते.

ताटात काय बदलावे?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, लागतात. 'डॉक्टर, मी पालेभाजी खातो की' असे जवळपास प्रत्येक जण सांगतो. विचारले की कळते, ताटाच्या कडेला दोन चमचे मेथी आणि बाकी भात. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, चारला चहा-खारी आणि रात्री खिचडी अशा दिवसात तंतूंचा हिशेब २५ ग्रॅमच्या बराच खाली राहतो.

तो वाढवायला महागडे काही लागत नाही. ज्वारी-बाजरीच्या एका भाकरीतून पाच-सहा ग्रॅम तंतू मिळतात. मटकी, मूग, चवळी किंवा हरभऱ्याच्या वाटीभर उसळीतून सात-आठ ग्रॅम, मध्यम पेरूतून चार-पाच. दुपारी भाकरी, वाटीभर उसळ आणि वाटीभर (चमचाभर नव्हे) पालेभाजी, संध्याकाळी बिस्किटाऐवजी पेरू, पपई किंवा सालासकट सफरचंद एवढ्यावर बरेच काम होते. गव्हाचे पीठ चाळून कोंडा फेकू नका. रात्री भिजवलेले दोन-तीन सुके अंजीर आणि दहा-बारा मनुका सकाळी पाण्यासकट घेतल्यास बऱ्याच जणांना फायदा होतो. मधुमेह असेल तर मनुका-अंजीर मोजून घ्या. मैदा, पाव, नूडल्स आणि फरसाण दोन महिने तरी बाजूला ठेवा.

तंतू एकदम वाढवू नका. आठवडाभर भाकरी, पुढच्या आठवड्यात उसळ, असे हळूहळू जा. नाहीतर पोट फुगते, गॅस होतो आणि 'मला भाकरी बाधते' असे म्हणून सगळे सोडून दिले जाते.

उपवासाबद्दल स्पष्ट सांगतो. साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात. श्रावणात किंवा नवरात्रात ओळीने साबुदाणा खिचडी, वडे आणि चहा झाला की त्यानंतरच्या आठवड्यात फिशरचे रुग्ण येतात. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. राजगिरा, रताळे, फळे, काकडी आणि ताक यांवर उपवास करा. निर्जळी उपवास मात्र जखम भरेपर्यंत नको.

'अंगात उष्णता वाढली' हे कारणही रोज ऐकू येते. उन्हाळ्यात त्रास वाढतो हे निरीक्षण खरे आहे. पण घाम जास्त, पिण्यात पाणी कमी आणि त्यामुळे मळ कडक, असा तो मामला आहे. कोकम सरबत, ताक, सब्जा घातलेले पाणी जरूर घ्या, कारण त्यातून पाणी पोटात जाते. दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रवपदार्थ पुरेत. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाण्याचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कार्यालयात स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या स्त्रिया मी खूप पाहतो. त्यांना 'पाणी प्या' एवढे सांगून भागत नाही, हे मान्य. निदान सकाळी घरी दोन ग्लास आणि परतल्यावर तीन-चार ग्लास असे तरी वाटून घ्या.

तिखटाने फिशर होत नाही. पण मिरचीतला झोंबणारा घटक काही प्रमाणात मळावाटे बाहेर येतो आणि उघड्या जखमेवर झोंबतो. ठेचा, तर्री, लसणाची लाल चटणी सहा-आठ आठवडे बंद ठेवा. रात्री गरम दुधात तूप घेतल्याने काहींना बरे वाटते. घ्यायला हरकत नाही, पण तुपात तंतू नसतात; भाकरी-भाजीची जागा ते घेऊ शकत नाही.

इसबगोल नीट घेतले तरच

एक ते दोन चहाचे चमचे इसबगोलाचा भुसा मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून, घट्ट होण्याआधी प्यायचा आणि वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडे तोंडात टाकू नका, घशात अडकू शकते. झोपायच्या अगदी आधीही घेऊ नका. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून 'आज कडक झाली, आज घेतो' अशी पद्धत उपयोगाची नाही, रोज घ्यायचे. थायरॉइड, मधुमेह वगैरेंच्या गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात पूर्वी अडथळा झाला असेल, तर घेऊ नका. एवढ्याने मळ मऊ होत नसेल तर लॅक्टुलोजसारखे औषध डॉक्टर देतात.

कोमट पाण्यात बसणे

आवळलेला स्नायू सैल करण्याचा घरातला सर्वांत चांगला उपाय हाच. पसरट टबमध्ये किंवा घमेल्यात बैठक बुडेल इतके कोमट पाणी घ्या आणि दहा ते पंधरा मिनिटे बसा. दिवसातून दोन-तीन वेळा, आणि शौचानंतर लगेच एकदा नक्की. लहान बाळाला अंघोळ घालताना पाणी जसे कोपराने पाहतो, तसे पाहा. मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्या असतील तर दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा. गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नसेल, तर कमोडवर बसणारे प्लॅस्टिकचे भांडे औषधाच्या दुकानात मिळते.

पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी काहीही घालू नका. साधे पाणी पुरते. जंतुनाशकांनी ती त्वचा भाजल्यासारखी होते आणि चीर भरायला आणखी वेळ लागतो. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका.

संडासात

सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतड्याला नैसर्गिक चालना मिळते. घाई होण्याआधीची ती पंधरा-वीस मिनिटे मोकळी ठेवा. संवेदना आली की लगेच जा, आणि नसेल आली तर बसून कुंथू नका. पाच मिनिटांत झाले नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा. या एका सूचनेवर रुग्ण सर्वांत जास्त नाराज होतात. कमोड असेल तर पायांखाली छोटे स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि मळ सरळ उतरतो. जेट स्प्रेचा जोराचा फवारा थेट चिरेवर बसतो, त्यापेक्षा तांब्याने पाणी घ्या. साबण आणि सुगंधी ओले टिश्यू टाळा.

मलमे आणि गोळ्या

शौचाआधी बधिर करणारे लिग्नोकेनचे मलम लावल्यास वेदना कमी होते, पण जखम त्याने भरत नाही. स्नायू सैल करून रक्तपुरवठा वाढवणारी मलमे वेगळी: डिल्टियाझेम २ टक्के किंवा नायट्रोग्लिसरिन. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने, सांगितलेल्या प्रमाणात, सहा ते आठ आठवडे लावायची असतात. नायट्रोग्लिसरिनने डोके दुखते, चक्कर येऊ शकते. सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर ते अजिबात लावू नका. दुकानदाराने दिलेल्या 'मूळव्याधीच्या' बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. ते आठवड्याहून जास्त वापरल्यास त्वचा पातळ होते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे मळ कडक करतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होते. पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना प्रकार किंवा वेळ बदलून मागा.

बाळंतपणानंतर फिशर होणे अगदी सामान्य आहे आणि ते बऱ्याच घरांत आपणच वाढवतो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तूप-भात भरपूर, पण पालेभाजी 'बाळाला बाधेल' आणि पाणी 'कमी पी'. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी उलट जास्त लागते. पालेभाजी, उसळ, फळे तिला सुरुवातीपासून द्या. इसबगोल आणि लॅक्टुलोज या काळातही चालतात, मलम मात्र विचारूनच.

किती दिवस वाट पाहायची?

हे सगळे नीट केले तर वेदना पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होते. इथेच बहुतेकांचे चुकते. वेदना थांबली म्हणजे जखम भरली असे नाही. आतली चीर भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर शेक, इसबगोल, मलम काहीही सोडू नका, आणि भाकरी-उसळीची सवय नंतरही ठेवा, नाहीतर पहिल्याच लांबच्या प्रवासात किंवा लग्नसराईत चीर पुन्हा फाटते.

आठ आठवड्यांनी फरक नसेल, तर सर्जनना दाखवा. जुनाट फिशर घरच्या उपायांनी आणि मलमांनी प्रत्येकाचे भरत नाही, आणि त्यात तुमचे पथ्य कमी पडले असेच नसते. बोट्युलिनमचे इंजेक्शन किंवा आतल्या स्नायूचा थोडा भाग कापण्याची छोटी शस्त्रक्रिया हे पुढचे पर्याय. शस्त्रक्रियेने दहापैकी नऊहून अधिक जण बरे होतात. थोड्या जणांना नंतर गॅस रोखायला त्रास होतो. बाळंतपणात फाटणे किंवा टाके झाले असतील, तर हे सर्जनना आधी सांगा. 'लेझर' एवढा शब्द ऐकून ठरवू नका, स्नायूवर नेमके काय करणार ते विचारा. भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणण्याची जुनी पद्धत आता टाळतात, कारण त्यात शौचावरचा ताबा जाण्याची भीती असते. 'एका इंजेक्शनात मूळव्याध, भगंदर, फिशर गायब' अशा पाट्या लावणाऱ्यांकडे जाऊ नका. पदवी नसलेल्या माणसाने त्या जागी टोचलेल्या औषधाने पू होणे, मार्ग आखडणे असे प्रकार घडतात.

काही वेळा मात्र आठ आठवडे थांबायचे नाही. ताप येऊन शेजारी ठणकणारी गाठ आली, बसवत नाही किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. पू किंवा सतत ओल येणे, वजन घटणे, मळात मिसळलेले किंवा काळपट रक्त, शौचाची सवय अचानक बदलणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसणे यांत तपासणी लवकर हवी. चीर मधल्या रेषेऐवजी बाजूला असेल, अनेक असतील किंवा दुखतच नसेल, तर क्षयरोग, क्रोन्स, एचआयव्ही यांसारखी कारणे शोधावी लागतात. हे तुम्हाला आरशात कळणार नाही, डॉक्टरांनी पाहावे लागते.

तपासणीच्या संकोचाने लोक, विशेषतः स्त्रिया, वर्ष-वर्ष काढतात. म्हणून तपासणी कशी होते ते सांगतो. तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही बाजूंची त्वचा हळूच बाजूला केली की फिशर बहुतेक वेळा नुसते दिसते. फार दुखत असेल तर बोट घालून किंवा दुर्बिणीने तपासणी त्या दिवशी करण्याची गरज नसते. 'आज नको' असे तुम्ही म्हणू शकता. स्त्री डॉक्टर मागणे किंवा सोबत घरचे माणूस असणे हा तुमचा हक्क आहे. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि मलमांच्या ट्यूब पिशवीत घालून न्या, दुकानातून आपण होऊन आणलेल्यासुद्धा.