जामसर ते मांडवी, फेब्रुवारी २०२०

तारीख ७ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. पहाटेचे साडेतीन वाजलेत. जामसरला अजून चांगलीच थंडी आहे. तुम्ही आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहात. किरकोळ रजेचा अर्ज मंजूर झालाय आणि अंगावर नवीन स्वेटर आहे. गाडीत पुढे तुमचे हे आणि शेजारी सर. मागे तुम्ही आणि वहिनी, मध्ये चिवड्याचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या. हे ग्रामसेवक, सर आश्रमशाळेत शिकवतात, वहिनी अंगणवाडी सेविका. चौघांच्या नोकऱ्या एकाच पंचक्रोशीतल्या, त्यामुळे एकमेकांचं घर, कर्ज, मुलांचे मार्क, सगळं एकमेकांना ठाऊक. निघालात पणजीला, कॅसिनो बघायला. सरांनी वर्षभर हा विषय लावून धरला होता.

एक गोष्ट मात्र फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून या सीटवर येऊन बसला आहात. पेपरात चीनमधल्या आजाराच्या बातम्या आहेत, केरळात तीन रुग्ण सापडलेत. त्या आजाराला अजून पक्कं नावसुद्धा नाही. ते चार दिवसांनी, ११ तारखेला ठरेल. गाडीत त्यावर कोणी बोलत नाही. बोलणं चाललंय ते ‘तान्हाजी’वर आणि कांद्यावर. तुम्हीही त्यावर तोंड उघडायचं नाही. बघायचं आणि ऐकायचं.

जव्हार मागे पडतं, विक्रमगड येतं, मनोरला हायवे लागतो. खानिवड्याच्या टोलनाक्यावर काचेवरचा नवाकोरा फास्टॅग वाचला जातो आणि दांडा वर जातो, तेव्हा हे लहान मुलासारखे खूश होतात.

“एवढं लांब कशाला? दमण आपल्याला किती जवळ,” वहिनी विचारतात.

सरांकडे उत्तर तयार आहे. दमणला मोठं हॉटेल उभं राहिलं, पण कॅसिनोचा परवाना काही आला नाही. दमण आणि गोवा १९८७ पर्यंत एकाच केंद्रशासित प्रदेशात होते, दोघांना १९७६ चा जुगारबंदीचा एकच कायदा लागू होता. १९९२ मध्ये त्या कायद्याला पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनांपुरती फट पडली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांसाठी. म्हणून गोव्यात जमिनीवर मशीन आणि पत्त्यांची खरी टेबलं नदीत. महाराष्ट्राचं आणखी वेगळं. आपल्या विधिमंडळानेही त्याच १९७६ साली कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला, पण तो कधी लागूच केला नाही. तुम्ही आत्ता ज्या वर्षात आहात त्या वर्षीही तो कागदावर तसाच पडून आहे. २०२३ मध्ये तो रद्द होईल. तो तसा पडून राहिला हे बरंच झालं, असं माझं ठाम मत आहे.

घोडबंदर, एक्स्प्रेस वे, पुणे. साताऱ्याला कंदी पेढे, कराडला चहा. कोल्हापूर जवळ येतं तसे हे शिरोलीजवळचा रस्ता दाखवतात: सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्टच्या महापुरात, इथे हायवे दिवसचे दिवस पाण्याखाली होता. निपाणी, आजरा. आंबोलीचा घाट उतरताना अंधार पडतो. आकाशात पौर्णिमेला दोन दिवस कमी असलेला चंद्र. बांद्यानंतर पत्रादेवी लागते आणि सर गाडी थांबवायला सांगतात. इथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला महाराष्ट्रातून आणि देशभरातून निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर चालत गेले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सर वर्गात दरवर्षी हे शिकवतात. ते चप्पल काढून उभे राहतात, हात जोडतात. त्या वेळी सरांचा चेहरा नीट बघून ठेवा. उद्या रात्री टेबलावर बसणारा माणूस हाच आहे, आणि तो वाईट नाही.

पर्वरीहून अटल सेतूवर गाडी चढते, तेव्हा खाली मांडवी दिसते. म्हादईच ती. पश्चिम घाटातून निघालेली, सत्तरी ओलांडून इथवर आलेली. तिच्या पाण्यावर जहाजं नांगरलेली आहेत, जांभळ्या, लाल, हिरव्या दिव्यांनी पेटलेली. “अगं बाई,” वहिनी म्हणतात आणि काच खाली करतात.

शनिवारचा दिवस मिरामारच्या वाळूत आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये निघून जातो. रात्री आठला तुम्ही मांडवीच्या धक्क्यावर रांगेत आहात. प्रवेशाच्या पैशांतच जेवण आलं, खेळण्याच्या थोड्या चकत्याही आल्या. त्या मोडून रोख मिळत नाही, फक्त लावता येतात. मनगटावर कागदी पट्टी बांधतात. ओळखपत्र दोनदा बघतात. पत्ता पालघर जिल्हा, म्हणून पुढे जा. तुमच्या पुढच्या तरुणाला बाजूला घेतलं जातं. तो गोव्याचाच निघाला. एक आठवड्यापूर्वी, १ फेब्रुवारीपासून, गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी झाली आहे. काउंटरवरचा मुलगाही इथलाच. हे त्याला विचारतात. “आम्ही इथे काम करू शकतो, खेळू शकत नाही,” तो म्हणतो आणि पुढचं कार्ड हातात घेतो.

हे वाक्य तुम्ही होडीत बसेपर्यंत, लाइफ जॅकेटचा पट्टा ओढेपर्यंत मनात घोळवता. सरकारला कळलंय की या टेबलांनी इथली घरं बसतात. म्हणून त्याने आपली माणसं उठवली. खुर्च्या मात्र उठवल्या नाहीत. जहाजं नदीतून हलवायचं आश्वासन निवडणुकीत मिळतं आणि नंतर मुदतवाढ मिळत जाते. मग त्या खुर्च्या कोणासाठी आहेत? कोल्हापूरसाठी, बेळगावसाठी, सुरतेसाठी. जामसरसाठी. गोव्याने आपल्या लोकांना जो धोका नको म्हटला, तोच आपल्याला पाहुणचार म्हणून वाढला जातो, आणि आपण सहाशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत तो घ्यायला जातो. मला याचा राग येतो. गोव्याचा नाही येत, कारण त्यांनी निदान आपल्या घराची काळजी केली. आपल्या घराची काळजी करणारं त्या धक्क्यावर कोणीच नव्हतं, याचा येतो.

आत थंडगार हवा, गाणी, पायाखाली जाड गालिचा. वहिनी आणि तुम्ही फुकटच्या चकत्या मशिनवर आणि रूलेवर घालवता, हसता, पोटभर जेवता. पनीर, मासे, तीन प्रकारचं आइस्क्रीम. दहा मिनिटांत लागलेले चारशे रुपये वहिनी लगेच मोडून पर्समध्ये टाकतात. खरंच मजा येते.

सर अंदर-बाहरच्या टेबलावर आहेत. हा खेळ त्यांना जत्रेपासून माहीत. डीलर मुलगी ईशान्येकडची, बोटं फार चपळ. ती एक पान उघडते, मग एक आत, एक बाहेर अशी पानं टाकत जाते. उघडलेल्या पानाच्या जोडीचं पान ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. निम्मं-निम्मं वाटतं. तसं ते नाही. ज्या बाजूला पहिलं पान पडतं ती बाजू शंभरात साडेएक्कावन्न वेळा जिंकते, आणि त्या बाजूवर रुपयाला नव्वदच पैसे मिळतात. हिशेब केला तर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे दोन रुपये पंधरा पैसे कॅसिनोचे. खिशातल्या शंभरामागे नव्हे, लावलेल्या. तीच शंभराची चकती रात्रभरात पन्नास वेळा टेबलावर गेली की पन्नास वेळा तिला हे झिजणं आहे. यात कुठेही लबाडी नाही, आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नाही.

सरांकडे मात्र युक्ती आहे. हरलो की दुप्पट लावायचं. कधी ना कधी जिंकणारच, मग सगळं वसूल. सुरुवात पाचशेची. तासभर युक्ती चालते, समोर चकत्यांची छोटी चळत उभी राहते. शंभर डाव खेळलात तर त्यात कुठेतरी सलग पाच हारी येण्याची शक्यता चारात तीनहून जास्त आहे. गणिताच्या मास्तरांनाही ते टेबलावर आठवत नाही. पाचशे जातात. हजार जातात. दोन हजार. चार हजार. आठ हजार लावताना सरांच्या कपाळावर घाम आहे, त्या गारव्यात. पान बाहेर पडतं.

पाच डाव, साडेपंधरा हजार. चळत गेली, स्वतःचं पाकीट गेलं, आणि त्यात चौघांनी मिळून काढलेली वर्गणीही होती, जी सरांच्या खिशात ठेवली होती.

“भाऊ, सोळा दे. एकच डाव,” सर म्हणतात. “आता पलटणारच.”

हे तुमच्याकडे बघतात. त्यांच्या कार्डावर तेवढे आहेत. बारा वर्षांची मैत्री आहे, सरांनी यांच्या आजारपणात रात्री जागवल्या आहेत. आणि पानांना मागचं काही आठवत नसतं. सहावा डाव पहिल्यासारखाच.

तुम्हाला त्या क्षणी पाडा आठवतो. दिवाळीआधी मुकादम येतो, उचल देतो. दहा, पंधरा, वीस हजार. त्यात नवरा-बायको दोघांचा पावसाळ्यापर्यंतचा घाम विकला जातो, भिवंडीला, वसईला, वीटभट्टीवर. सोबत गेलेलं बाळ परत येतं तेव्हा वजनकाट्यावर दोन श्रेणी खाली आलेलं असतं. रोजगार हमीची दिवसाची मजुरी यंदा २०६ रुपये आहे, तीही वेळेवर मिळाली तर. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र जव्हारकडे धावला होता. तुमची नोकरी, वहिनींची नोकरी त्याच कामाची आहे. एका घराची अख्ख्या हंगामाची उचल आत्ता तुमच्यासमोर पाच पानांत गेली.

“सर, नाही,” तुम्ही म्हणता. उपचार अर्धवट सोडून बाळाला घरी न्यायला निघालेल्या बापाशी बोलता त्याच आवाजात. “उठा. पोटात काही नाही तुमच्या.”

ते दुखावून बघतात. मग उठतात.

वरच्या डेकवर वारा आहे. पलीकडे वेऱ्याच्या बाजूला रेइश मागुशचा किल्ला उजेडात दिसतो. वहिनी तुम्हाला कठड्याशी गाठतात.

“किती गेले, ताई? खरं सांगा.”

यांनी न सांगण्याची खूण केली होती. तुम्ही सांगता.

“माझं जवळजवळ दोन महिन्यांचं मानधन,” वहिनी म्हणतात. रडत नाहीत. खाली जातात, सरांसमोर ताट ठेवतात, शेजारी बसतात आणि त्यांचं एटीएम कार्ड मागून घेतात. सर देतात.

रविवारी परतताना मोबाइलवर एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आहे. यशस्वी जैस्वाल ८८ करतो, तरी भारत १७७ वर गुंडाळला जातो आणि रात्री बांगलादेश जिंकतो. पुण्याच्या अलीकडे एका ढाब्यावर वहिनी वहीत हिशेब मांडतात: डिझेल, टोल, खोली, प्रवेश. वर्गणीतले गेलेले पैसे सरांच्या नावावर वेगळे लिहितात, तीन हप्त्यांत. हे म्हणतात, राहू द्या. “नाही भाऊजी,” वहिनी म्हणतात, “मैत्री राहायची असेल तर लिहूनच ठेवू.” सर स्वतः पेन घेऊन खाली सही करतात. मग कुणीतरी चहा मागवतं आणि गाडीत पुन्हा बोलणं सुरू होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १४ मार्चच्या मध्यरात्री मांडवीवरची टेबलं बंद होतील आणि १ नोव्हेंबरलाच उघडतील. २४ मार्चला देश थांबेल. तुम्ही ज्या हायवेने फास्टॅग लावून गेलात त्याच हायवेने भट्ट्यांवरची माणसं चालत मनोरकडे येतील, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. पाड्यावर परतलेल्यांची यादी करायचं काम तुमच्याकडे आणि वहिनींकडे येईल. नाव, वय, कुठून आले, ताप, खोकला. सरही शाळा बंद म्हणून मदतीला असतील, दारोदार नावं विचारत. तक्त्यात नसलेला एक रकाना वहिनी पट्टीने आखून घेतील आणि प्रत्येक घरापुढे भरतील: उचल किती घेतली होती, किती फिटली.