भिंत आणि तसबीर

घराच्या भिंतीवर चौकटींत बसविलेलीं चित्रें लावण्याची चाल आज इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं ती प्रथमपासूनच आपली असावी असें कोणासहि वाटावें. वास्तविक मराठवाड्यांतील सामान्य घरांत ही चाल सव्वाशे-दीडशे वर्षांहून फारशी जुनी नाहीं.

तत्पूर्वीं चित्रें नव्हतीं असें नाहीं. पैठणच्या चित्रकथींचे, रामायण-महाभारतांतील प्रसंग रंगविलेले कागद आजहि संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. पण हे कागद पोथीप्रमाणें बांधून ठेवीत. कथा सांगावयाची तेव्हां एकेक काढून श्रोत्यांपुढें धरावयाचा, आणि कथा संपली कीं पुन्हां बांधून ठेवावयाचा. सरदारांच्या वाड्यांतून चित्रें थेट भिंतीवरच रंगवीत. भिंतीवर टांगावयाचें, वाटेल तेव्हां काढावयाचें असें सुटें चित्र मात्र सामान्य माणसाजवळ नव्हतें.

शिवाय भिंतीहि त्यास फारशा अनुकूल नव्हत्या. नांदेड-लातूरकडील जुनें घर म्हणजे दगडमातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, आणि वर लांकडी तुळयांवर पसरलेलें मातीचें जड माळवद. खिडक्या थोड्या, उजेड बेताचा. दिवा कोनाड्यांत, देव देवळींत आणि पागोटें खुंटीवर, अशी ज्याची त्याची जागा भिंत रचतांनाच ठरलेली असे. मागाहून खिळा ठोकावा, तर तो माती नीट धरीत नाहीं. पोपडा मात्र पडतो.

हा क्रम छापखान्यानें बदलला. सन १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली. तिचें रामपंचायतन घरोघर गेलें. पुढें १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना घातला, आणि त्यांची लक्ष्मी व सरस्वती राजवाड्यांतून उतरून गृहस्थाच्या घरीं आल्या. कित्येक हौशी गृहिणींनीं या देवतांच्या लुगड्यांवर जर आणि टिकल्या शिवून त्यांस सजविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून धांवूं लागली, आणि १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातुरास पोंचली. बैलगाडीच्या खडखडाटांत कांच आणावयाची म्हणजे जिवावरचें काम. तें आतां सोपें झालें.

‘तसबीर’ हा शब्दहि मूळचा अरबी. फारसीच्या वाटेनें तो मराठींत आला आणि इथलाच झाला. नांदेड ही गुरु गोविंदसिंगांची निर्वाणभूमि. १७०८ सालीं त्यांनीं येथें देह ठेवला. म्हणून या शहरांत एका घरीं रामपंचायतन, दुसऱ्या घरीं गुरूंची प्रतिमा, तर तिसऱ्या घरीं कुराणांतील वचनांची सुंदर अक्षरें दिसावीं, आणि तिन्ही ठिकाणीं चौकट मात्र एकाच तऱ्हेची असावी, यांत नवल नाहीं.

या तसबिरी आढ्याजवळ उंच लावीत. खालचा कांठ खिळ्यांवर टेकवावयाचा आणि वरचा कांठ दोरीनें पुढें झुकवावयाचा, अशी ती रीत. ती अडाणीपणाची नव्हे. पाहणारा खालीं बैठकीवर बसलेला असे; तसबीर झुकलेली असली म्हणजे त्यास ती नीट दिसे, आणि दारांतून येणारा उजेड कांचेवर चमकत नसे. तिच्यामागच्या पोकळींत चिमण्या घरटीं करीत, ही गोष्ट वेगळी!

देवांच्या पाठोपाठ वडीलधाऱ्यांचे फोटो आले. हैदराबादच्या सहाव्या निजामांनीं लाला दीनदयाळ यांस आपले छायाचित्रकार नेमलें होतें; पण सामान्य घरीं फोटो येण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं. आजोबांचा किंवा आजीचा साऱ्या आयुष्यांत मिळून एकच फोटो निघे. तोच चौकटींत जाई, आणि माणूस गेल्यावर त्यालाच हार घालीत. घराची सारी स्मृति अशी एका खिळ्यावर टांगलेली असे.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. ज्या जाड भिंती आणि ज्या माळवदानें पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून रक्षण केलें, तींच झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. मातीनें जोडलेला दगड धक्का सोसूं शकत नाहीं आणि माळवदाचा भार त्यास आणखी खालीं ओढतो, हें हजारों जीव गेल्यावर सर्वांस कळलें. माणसांबरोबर त्यांच्या मुद्राहि मातीखालीं गेल्या. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नवें घर बांधून देतां येतें. गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो मात्र कोणासहि पुन्हां काढून देतां येत नाहीं.

म्हणून तसबिरी लावण्याचा विचार केवळ शोभेचा नव्हे. आतां आपण खुर्चीवर बसतों, तेव्हां चित्र बसलेल्या माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यांत असावें. ओल येणारी भिंत टाळावी. जड चौकट निजावयाच्या जागीं उशाशीं लावूं नये. वडिलांच्या जुन्या फोटोची एक प्रत काढून दुसऱ्या गांवीं आप्तांकडे ठेवावी. आणि आज घरांत कोणी सांगणारें आहे तोंवरच, चौकटीच्या पाठीमागें त्या माणसाचें नांव व साल शाईनें लिहून ठेवावें.