कारकिर्दीतील होम रनांचे भाकीत

कारकिर्दीतील होम रनांचे भाकीत म्हणजे बेसबॉलमधील एखादा फलंदाज निवृत्त होईपर्यंत एकूण किती होम रन फटकावेल, याचा त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून बांधलेला संख्याशास्त्रीय अंदाज होय. बेसबॉलच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाला सेबरमेट्रिक्स असे म्हणतात; हा विषय त्याच अभ्यासशाखेत मोडतो. अशा अंदाजात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: फलंदाज दर हंगामात किती होम रन मारील आणि तो आणखी किती हंगाम खेळेल.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये कारकिर्दीतील सर्वाधिक होम रनांचा विक्रम हा सर्वांत प्रतिष्ठेचा वैयक्तिक विक्रम समजला जातो. बेब रूथने १९३५ साली ७१४ होम रनांसह कारकीर्द संपवली. हँक ॲरनने ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५वा होम रन मारून हा विक्रम मोडला आणि १९७६ पर्यंत तो ७५५वर नेला. बॅरी बॉन्ड्सने ७ ऑगस्ट २००७ रोजी ॲरनला मागे टाकले. त्याची अंतिम संख्या ७६२ आहे. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये सदाहारू ओहने ८६८ होम रन केले. ते मेजर लीगच्या विक्रमात धरले जात नाहीत.

बिल जेम्स यांची पद्धत

सेबरमेट्रिक्स ही संज्ञा रूढ करणारे लेखक बिल जेम्स यांनी यासाठी एक सोपे सूत्र मांडले. ते ‘फेव्हरिट टॉय’ म्हणजे ‘आवडते खेळणे’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत:

१. उरलेले हंगाम: वयाला ०.६ने गुणून येणारी संख्या २४मधून वजा करतात. त्यामुळे २० वर्षांच्या खेळाडूचे १२, ३० वर्षांच्या खेळाडूचे ६ आणि ३५ वर्षांच्या खेळाडूचे ३ हंगाम उरतात. नियमित खेळणाऱ्या खेळाडूचे किमान १.५ हंगाम धरले जातात.
२. प्रस्थापित पातळी: ताज्या हंगामातील होम रनांची तिप्पट, त्याआधीच्या हंगामाची दुप्पट आणि त्याहीआधीच्या हंगामाची एकपट यांच्या बेरजेला ६ने भागतात.
३. अपेक्षित भर: पहिल्या दोन संख्यांचा गुणाकार.
४. विक्रमाची शक्यता: अपेक्षित भरीला विक्रमासाठी लागणाऱ्या होम रनांनी भागून त्यातून ०.५ वजा करतात. भर आणि गरज समान असतील, तर शक्यता ५० टक्के येते. भर गरजेच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल, तर ती शून्य मानतात.

उदाहरणे

हंगामअखेरचे वय धरून या सूत्राने काढलेले अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या अशा आहेत:

| खेळाडू | हंगाम (वय) | तोवरचे होम रन | अंदाज | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|---|
| हँक ॲरन | १९६८ (३४) | ५१० | ६३५ | ७५५ |
| बॅरी बॉन्ड्स | १९९८ (३४) | ४११ | ५५१ | ७६२ |
| हुआन गोन्झालेझ | १९९९ (२९) | ३४० | ६१४ | ४३४ |
| केन ग्रिफी ज्युनियर | २००० (३०) | ४३८ | ७१० | ६३० |
| ॲलेक्स रॉड्रिग्ज | २००७ (३२) | ५१८ | ७४२ | ६९६ |
| आल्बर्ट पुहोल्स | २०१० (३०) | ४०८ | ६६५ | ७०३ |

१९९८ अखेरीस ॲरनचा विक्रम मोडण्याची बॉन्ड्सची शक्यता या सूत्रानुसार शून्य होती. दोन वर्षांनी ग्रिफीची तीच शक्यता सुमारे ३५ टक्के येत होती. प्रत्यक्षात विक्रम बॉन्ड्सने मोडला. २००७नंतर बॉन्ड्सचा विक्रम मोडण्याची रॉड्रिग्जची शक्यता सुमारे ४१ टक्के होती. तो ६९६वर थांबला.

चुकीची कारणे

अंदाज चुकण्यामागे दर आणि कालावधी यांपैकी एक किंवा दोन्ही घटक असतात. सूत्राने बॉन्ड्सला ३.६ हंगाम आणि दर हंगामाला सुमारे ३९ होम रन दिले होते. त्यानंतर तो ९ हंगाम खेळला आणि त्याची सरासरी ३९च राहिली. म्हणजे दर बरोबर आला, चुकला तो कालावधी. अर्थात ही सरासरी एकसारखी नव्हती; २००१ साली त्याने एकाच हंगामात विक्रमी ७३ होम रन केले. पुहोल्सच्या बाबतीत उलट घडले. त्याची सरासरी सुमारे ४३वरून २५च्या खाली आली, तरी तो ६ऐवजी १२ हंगाम खेळल्याने अंदाजाच्या पुढे गेला. ग्रिफीही १० हंगाम खेळला, परंतु दुखापतींमुळे त्याची सरासरी सुमारे १९वर घसरली.

काही कारणे कोणत्याही सूत्राच्या आवाक्याबाहेरची असतात. प्रिन्स फील्डरला मानेच्या दुखापतीमुळे २०१६ साली वयाच्या ३२व्या वर्षी खेळ सोडावा लागला. त्याचे ३१९ होम रन हे त्याचे वडील सेसिल फील्डर यांच्या संख्येइतकेच होते. १९९४च्या संपामुळे तो हंगाम ऑगस्टमध्येच थांबला आणि २०२०चा हंगाम ६० सामन्यांचा झाला. रॉड्रिग्ज २०१४चा संपूर्ण हंगाम उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातील बंदीमुळे खेळू शकला नाही. बॉन्ड्सच्या उत्तरार्धातील कामगिरीवरही अशा द्रव्यांच्या वापराच्या आरोपांची छाया आहे.

आर्थिक महत्त्व

डिसेंबर २००७मध्ये न्यू यॉर्क यांकीज संघाने रॉड्रिग्जशी १० वर्षांसाठी २७.५ कोटी डॉलरचा करार केला. विली मेझ (६६०), रूथ, ॲरन आणि बॉन्ड्स यांची बरोबरी करणे आणि शेवटी बॉन्ड्सला मागे टाकणे, अशा पाच टप्प्यांवर प्रत्येकी ६० लाख डॉलर देण्याची तरतूदही झाली होती. तो केवळ पहिला टप्पा, २०१५ साली, गाठू शकला. त्या रकमेवरून वाद झाला आणि अखेर ३५ लाख डॉलर धर्मादाय संस्थांना देण्याचे ठरले.

इतर पद्धती

टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ पद्धत मागील तीन हंगामांना ५, ४ व ३ असे भार देते आणि निकाल लीगच्या सरासरीकडे झुकवते. नेट सिल्व्हर यांनी विकसित केलेली ‘पेकोटा’ पद्धत खेळाडूची तुलना पूर्वीच्या त्याच्यासारख्या खेळाडूंशी करते. या पद्धतींचा मुख्य वापर पुढील काही हंगामांच्या अंदाजासाठी होतो.

मर्यादा

अशी सूत्रे बहुसंख्य फलंदाजांच्या वयोमानानुसार होणाऱ्या घसरणीवर आधारलेली असतात. सर्वकालीन यादीच्या शिखरावर मात्र ही घसरण लांबवू शकलेले मोजकेच खेळाडू पोहोचतात. त्यामुळे विक्रमवीराच्या बाबतीत अंदाज कमी येणे आणि तरुण वयात आघाडीवर असलेल्यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा जास्त येणे, हे या पद्धतीत अंगभूतच आहे. ४१ टक्के शक्यता असलेला खेळाडू विक्रम न करण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून एका खेळाडूच्या निकालावरून सूत्र खरे वा खोटे ठरवता येत नाही.