पन्नास पौंडांचा कॅमेरा

जुन्या कॅमेऱ्यांची व भिंगांची आजची किंमत पुष्कळ जण विचारतात. तीं नवीं असतांना काय पडलीं, हें मात्र क्वचितच कोणी पुसतो. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या आरंभीं विलायतेस गेले. तेथें विल्यम्सन कंपनीचा, हलतीं चित्रें घेणारा कॅमेरा त्यांनीं ५० पौंडांस विकत घेतला. तेव्हां पौंडास १५ रुपये पडत. म्हणजे ७५० रुपये झाले. तितक्या सोन्याच्या गिन्या तराजूंत घातल्या असत्या, तर सुमारें ३४ तोळे भरल्या असत्या.

या उद्योगापायीं फाळक्यांनीं विम्याचे कागद गहाण टाकले, तर पत्नी सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने काढून दिले. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें कामही अंधाऱ्या खोलींत बसून त्याच करीत. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला, आणि त्याच वर्षीं फाळक्यांनीं बिऱ्हाड व चित्रपटाचा कारखाना नाशकास आणला. तेथेंच १९४४ सालीं त्यांचें देहावसान झालें.

विलायतेच्या व्यापाऱ्यास ५० पौंड पोंचले. कॅमेऱ्याची बाकीची किंमत सरस्वतीबाईंच्या संसारानें भरली.