उंदीर, इंजिन आणि हेडमास्तर

मुंबईत घर शोधणाऱ्या माणसाला इतिहास वाचायला सवड नसते, आणि इतिहास लिहिणाऱ्याला बहुधा घर आधीच मिळालेलं असतं. मी हे दोन्ही उद्योग एकाच वर्षी केले. १९७४ साली. त्यामुळे माझ्या डोक्यात दोन्हींची जी खिचडी झाली ती अजून निवळलेली नाही.

तेव्हा आम्ही गिरगावातल्या दीड खोलीत सातजण राहत होतो. आई, वडील, धाकटा भाऊ, बहीण, आम्ही उभयता आणि आमची तीन वर्षांची कन्या. वडील फोर्टातल्या कचेरीत चालत जायचे, चालत यायचे आणि साडेसहाला दारात चप्पल काढताना आम्हाला पाढे विचारायचे. एके रात्री कन्येनं झोपेत लाथ मारली ती तीन नात्यांतल्या माणसांना एकदम लागली. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीनं दोनशे पानी वही आणली. तिच्यात चार रकाने आखले : शाळा, स्टेशन, पाणी, माणसं. "हे चारही भरले की बघायचं," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, पत्रिकेतसुद्धा अठरा गुणांवर लग्नं होतात!" त्यावर ती माझ्याकडे बघून नुसती हसली. आमची पत्रिका बघितलीच नव्हती.

दर रविवारी आम्ही बाहेर पडू लागलो. जाहिरातींत जागा 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असायची. ती पाच मिनिटं मिल्खासिंगची असावीत. एका एजंटाने मोकळं रान दाखवून "इथं शाळा होणार" असं सांगितलं. तिथं त्या वेळी तीन म्हशी होत्या, आणि त्या पुढच्या इयत्तेत जाण्याच्या बेतात दिसत नव्हत्या.

घरी परतताना मला प्रश्न पडे : इतक्या लांब मुळात पहिला माणूस राहायला गेला कोण? आणि का? म्हणून मी लायब्ररी गाठली.

मला वाटलं होतं, याचं उत्तर आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. पण त्या चारशे मंडळींत ठाण्याला ब्लॉक बघायला निघालेलं कुणीही नव्हतं. १८६७ साली पश्चिमेकडे विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. 'आठ-बारा चुकली, आठ-सोळा पकडू' हा दिलासा त्या विरारकराला नव्हता. त्याची सकाळ चुकली की पुढची उद्या! तात्पर्य, इंजिन आलं तरी माणूस हलला नाही. गिरगावातला माणूस इंजिनानं हलत नसतो, हे मला माझ्या वडिलांवरून ठाऊक होतं.

त्याला हलवलं उंदरानं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख २२ हजारांच्या आसपास माणसं होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. दहा वर्षांत मुंबईची वस्ती घटली, हे वाक्य आज लोकलमध्ये मोठ्यानं वाचलं तर लोक वाचणाऱ्याला बसायला जागा देतील. दाट वस्ती, हवा नाही, उजेड नाही, म्हणून रोग, असं सरकारच्या ध्यानात आलं आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या. झाडं, बागा, दोन इमारतींमध्ये वारा खेळायला जागा. मुंबईच्या उपनगरी घराचा पहिला एजंट हा असा चार पायांचा होता. त्यानं दलाली मात्र फार जबर घेतली.

या वसाहतींची नावं पाहा : पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. म्हणजे हिच्या वहीतला 'माणसं' हा चौथा रकाना तेव्हापासूनचा. आपण शेजार चांगला हवा म्हणतो तेव्हा पुष्कळदा शेजार आपल्यासारखा हवा, एवढंच म्हणत असतो. हे वाचल्यावर मी तो रकाना खोडायला सुचवलं. हिनं तो खोडला नाही, पण त्याखाली लिहिलं, 'अडीअडचणीला धावणारी.' ही दुरुस्ती मला अजून पटते.

त्याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या वर्षांत 'राजगृह' बांधलं. त्याआधी पुष्कळ वर्षं ते परळला ट्रस्टच्याच चाळीत, दोन खोल्यांत राहत होते. राजगृह बांधताना त्यांनी मुख्य विचार केला तो पुस्तकांचा. शाळा, स्टेशन, पाणी, माणसं आणि पुस्तकं! मी हिला पाचवा रकाना सुचवला. ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकांना माळा पुरेल."

विजेच्या गाड्या १९२५ साली आल्या. ३ फेब्रुवारीला व्ही.टी. ते कुर्ला, हार्बर मार्गावर. जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत. आता कुठं दूर राहून वेळेवर कचेरीत पोचणं जमू लागलं. पण खरी गंमत शाळांची. मी समजत होतो की लोक चांगली शाळा बघून तिथं घर घेतात. इतिहास उलटं सांगतो. पार्ल्याच्या लोकांनी आधी घरं केली आणि टिळक गेल्यावर वर्षाच्या आत, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय काढलं. पु. ल. देशपांडे तिथलेच विद्यार्थी. शिवाजी पार्कला लोक राहायला आले आणि १९४० साली दादासाहेब रेग्यांनी बालमोहन सुरू केलं. चांगली शाळा शोधत हिंडणारे आपण. ते लोक घर घ्यायचे आणि शाळा करायचे.

मग १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या दरावर गोठली. हेतू चांगला होता. पण भाड्यासाठी इमारत बांधण्यात मालकाला राम उरला नाही, आणि जुनी खोली सोडण्यात भाडेकरूला. पागडी माजली. मध्यमवर्गाला भाड्यानं घर मिळेना, म्हणून तो विकत घेऊ लागला. बिल्डरनं लेखी करार करावा, नकाशे दाखवावेत, हे सांगणारा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा १९६३ साली झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी आम्ही तसला करार हातात धरून डोंबिवलीला उभे होतो. फंडातून कर्ज काढलं होतं, हिच्या चार पाटल्या गेल्या होत्या. वहीत 'पाणी' या रकान्यापुढं फुली होती. बाकी तिन्ही भरले होते. शाळा पत्र्याच्या छपराची. जोराचा पाऊस आला की बाईंचा आवाज ऐकू येत नसे, मग मुलं शुद्धलेखन फळ्यावरून उतरवीत. पण बाई फार चांगल्या होत्या, आणि छपरासाठी वर्गणी मागायला हेडमास्तर स्वतः दारोदार हिंडत. रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाई. पार्ल्याचा इतिहास मी आमच्या गल्लीत दुसऱ्यांदा पाहिला.

एक रकाना मात्र आम्ही आखलाच नव्हता. डोंबिवली ते व्ही.टी. अठ्ठेचाळीस किलोमीटर. घरापासून टेबलापर्यंत दीड तास, परत दीड. मी निघे तेव्हा कन्या झोपलेली, येई तेव्हा पेंगुळलेली. एका रविवारी सकाळी तिनं मला विचारलं, "बाबा, आज तुम्ही इथेच राहणार?" पाहुण्याला विचारावं तसं, आदरानं. मी हो म्हणालो. तिनं माझ्यासाठी पाट मांडला.

निवृत्त झाल्यावर मी एकदा हिशेब मांडला. दिवसाला तीन तास, वर्षाला तीनशे दिवस, तीस वर्षं. सत्तावीस हजार तास. म्हणजे रात्रंदिवस धरून तीन वर्षांहून जास्त. ही किंमत करारात छापलेली नव्हती. १९६३ च्या कायद्यातही ती लिहून द्यायचं बंधन नाही. वडिलांनी मला साडेसहाला पाढे विचारले. मी माझ्या मुलीला चांगली शाळा दिली. कोणाचा सौदा बरा, ते मला ठरवता आलेलं नाही.

अलीकडे कन्या तिच्या मुलासाठी आणि सुनेसाठी घर शोधत होती. पणतू तीन वर्षांचा आहे. तिनं मला वही दाखवली, म्हणजे फोनच, पण रकाने होते. शाळा, स्टेशन, पाणी, माणसं. आईचेच. शेवटी एक नवा : 'घरी यायची वेळ.'

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं विचारलं, "स्टेशनपासून किती लांब?"

"एजंट पाच मिनिटं म्हणाला. आम्ही छोट्याचा हात धरून चालून बघितलं. सतरा."

"मग नको म्हणालात?"

"नाही, घेतलं. सतराही मिनिटं तो बापाशी बोलत होता."