कोकोचें बियाणें आणि लहान शेतकरी

चॉकोलेटची वडी शहरांतील घरोघरीं परिचयाची झाली असली, तरी जें झाड तिला जन्म देतें त्याचा इतिहास फार थोड्यांस ठाऊक असतो. कोको हें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या अरण्यांतलें झाड. परंतु त्याचा सर्वांत मोठा विस्तार झाला तो पश्चिम आफ्रिकेंत, आणि तोही बड्या मळेवाल्यांच्या हातून नव्हे, तर दोनचार एकरांच्या धन्यांच्या हातून. १९५७ पर्यंत गोल्ड कोस्ट या नांवानें इंग्रजांच्या अंमलाखालीं असलेल्या घाना देशाची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. सुधारलेलें बियाणें निर्माण करणें हें एक कार्य. तें लहान शेतकऱ्यानें विश्वासानें आपल्या जमिनींत लावणें हें त्याहून अवघड कार्य.

त्या देशांत कोको रुजविल्याचें श्रेय परंपरेनें तेत्ते क्वार्शी या लोहाराला दिलें जातें. फर्नांडो पो बेटावर कांहीं वर्षें काम करून १८७९ च्या सुमारास तो परतला, तो कोकोचें बीं घेऊनच. आणि अक्वापिम टेकड्यांवरील माम्पाँग या गांवीं त्यानें तें लाविलें. शेजाऱ्यापाजाऱ्यांतून व सोयऱ्याधायऱ्यांतून ही लागवड पसरत गेली. १८९१ सालीं निर्यातीला आरंभ झाला, आणि १९११ पर्यंत, म्हणजे अवघ्या वीस वर्षांत, हा देश कोको पिकविण्यांत जगांत अग्रेसर ठरला.

पसरलेली जात बहुतेक एकच होती: अमेलोनाडो. तिचें फळ खरबुजाच्या आकाराचें, म्हणून हें नांव. तिचें फूल स्वतःच्याच परागानें फळूं शकतें; त्यामुळें आई तशी लेक, असा तिचा प्रकार. हा एकसारखेपणा व्यापाऱ्याच्या सोयीचा व शेतकऱ्याच्या भरंवशाचा होता खरा. परंतु जी व्याधि एका झाडास मारक, ती साऱ्यांसच मारक, हें संकटही त्यांतच दडलेलें होतें.

तें संकट १९३६ सालीं प्रकट झालें. देशाच्या पूर्व भागांतील बागांत डहाळ्या सुजूं लागल्या, पानें पिवळीं पडलीं आणि झाडें वाळूं लागलीं. १९३८ मध्यें टाफो येथें संशोधन केंद्र स्थापन झालें, व तेथील शास्त्रज्ञ पॉस्नेट यांनीं हा रोग विषाणूचा असल्याचें दाखवून दिलें. पिठ्या ढेकूण हा कीटक तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. औषध कांहींच नव्हतें. रोगट झाड तोडणें एवढाच उपाय.

येथेंच शास्त्राची व संसाराची गांठ पडली. रोग लागलेलें अमेलोनाडोचें झाड दोनतीन वर्षांत मरे. पण तोंवर त्यावर थोडींबहुत फळें येत. अधिकाऱ्याच्या दृष्टीनें तें रोगाचें आगर, तर शेतकऱ्याच्या दृष्टीनें तीच मुलाबाळांची ठेव. आज कुऱ्हाड घातली, तर नवें झाड फळेपर्यंत खावयाचें काय, या प्रश्नास त्याला समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोड सक्तीची झाली आणि रोष भडकला. फेब्रुवारी १९४८ मध्यें अक्रा शहरांत दंगे झाले. चौकशी करणाऱ्या वॉटसन आयोगानें लोकांच्या असंतोषाच्या कारणांत या झाडतोडीचीही गणना केली.

या प्रश्नाचें उत्तर हळूहळू तयार होत होतें, तें मात्र समुद्रापलीकडे. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर १९२८ पासून कोकोवर एका निराळ्याच रोगाचा उपद्रव सुरू झाला होता. त्याला तोंड देणारीं झाडें शोधण्यासाठीं पाउंड नांवाचे संशोधक १९३७-३८ मध्यें ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांत हिंडले आणि तेथील बियाणें त्यांनीं त्रिनिदादला आणिलें. त्या झाडांचें बीं पॉस्नेट यांनीं १९४४ मध्यें टाफोला नेलें. एका रोगासाठीं केलेला शोध असा दुसऱ्या रोगानें पीडलेल्या देशाच्या उपयोगी पडला. हीं झाडें जोमदार निघालीं. अमेलोनाडोला फळण्यास पांच वर्षें वा अधिक लागत. हीं तिसऱ्याचौथ्या वर्षींच फळूं लागत. रोगापासून तीं सर्वस्वीं मुक्त नव्हतीं. परंतु बाग गमावलेल्या कुटुंबाला लवकर उभें करण्याचें सामर्थ्य त्यांच्यांत होतें. १९५० नंतरच्या दशकांत त्यांची संतति शेतकऱ्यांस वाटण्यांत आली, व पुढें अमेलोनाडोशीं त्यांचा संकर करून नवीं बियाणीं तयार झालीं.

वाटपही सोपें नव्हतें. जोंधळ्याचें बीं कणगींत राखून पुढील पेरणीस काढतां येतें. कोकोचें बीं वाळलें कीं मेलें. म्हणून ताजीं फळेंच शेतकऱ्याच्या हातीं वेळेवर पडावीं लागतात. त्यासाठीं निवडक मातापित्यांच्या बियाणें-बागा लावल्या गेल्या. वरच्या ॲमेझॉनमधील बहुतेक झाडें स्वतःच्या परागानें फळत नाहींत. हा दोषच तेथें गुण ठरला, कारण त्यामुळें संकर शुद्ध राखणें सुलभ झालें. त्या बागांत माणसें हातानें फुलाफुलाला पराग लावूं लागलीं. तथापि शेतकरी पुष्कळदां जुन्या संवयीप्रमाणें आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या संकरित झाडाचें बीं लावी. अमेलोनाडोच्या बाबतींत ही रीत बिनधोक होती. संकराच्या बाबतींत मात्र लेक आईसारखी निघेलच असें नसतें.

१९४६ नंतरच्या अनेक दशकांत मिळून वीस कोटींच्या आसपास झाडें तोडावीं लागलीं, तरी रोग निर्मूळ झाला नाहीं. मात्र घानाच्या कोकोचा कणा आजही लहान शेतकरीच आहे. तोडीचा हुकूम रोगाच्या दृष्टीनें योग्य होता. परंतु ज्याच्या दारांतली बाग जाणार, त्याच्या पुढच्या चार वर्षांचा विचार त्यांत अपुरा होता. लवकर फळणाऱ्या झाडानें तीं वर्षें कमी केलीं, आणि शास्त्राचा खरा उपयोग तेथें झाला.