कंसापासून सेडपर्यंत

नोंद बदलायची, पण जुनी पुसायची नाही, हा महसुली दप्तराचा शिरस्ता आहे. विदर्भातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या सातबाऱ्यावरचे नाव बदलायचे तर आधी गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. हरकतींची मुदत सरल्यावर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. मग जुन्या नावाला कंस होतो आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो. कंसातले नाव वाचता येते.

विदर्भात मोठा शब्दबदल महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ने घडवला. 15 ऑगस्ट 1967 पासून ती लागू झाली आणि मध्य प्रदेशच्या 1954 च्या संहितेतल्या ‘भूमिस्वामी’च्या जागी ‘भोगवटादार’ आला. मात्र सरसकट नव्हे: हस्तांतरणावर बंधन नसलेला भूमिस्वामी वर्ग 1 मध्ये गेला, बंधन असलेला वर्ग 2 मध्ये. शब्द एक, बदल दोन.

संगणकावर असा शब्द शोधून बदलण्याच्या कामाचे एक प्रसिद्ध हत्यार म्हणजे ‘एड’ हा मजकूर-संपादक. केन थॉम्प्सन यांनी 1969 मध्ये ते युनिक्ससाठी लिहिले. त्याच्या ‘एस’ आज्ञेत तिरप्या रेघांमध्ये आधी शोधायचा मजकूर, मग नवा. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहन यांनी 1973-74 मध्ये यातूनच ‘सेड’ घडवले. सेड एकेक ओळ वाचते, नियम लावते आणि निकाल बाहेर टाकते. मूळ फाइलला हात लावत नाही. आज्ञेआधी अट घातली की बदल तेवढ्याच ओळींत होतो. सर्व्हरचा पत्ता वा पोर्ट क्रमांक असलेल्या कॉन्फिगरेशन फाइल त्यामुळे एकदम बदलता येऊ लागल्या.

सरसकट बदलाचा धोका मात्र कायम राहिला. गोंडपिपरीच्या जिल्ह्याचे नाव चांद्याचे चंद्रपूर झाले, पण चांदा फोर्ट हे रेल्वे स्थानक जुन्याच नावाने ओळखले जाते. प्रत्येक ‘चांदा’ बदलणारी आज्ञा स्थानकांच्या यादीत अस्तित्वात नसलेलेच स्थानक घालील. ‘गोंडपिपरी’ आणि ‘गोंडपिंपरी’ ही दोन्ही रूपे छापली जातात. त्यांसाठी अनुस्वार ऐच्छिक ठेवणारा एकच नमुना पुरतो. पण यूटीएफ-8 या अक्षर-संकेतनात अनुस्वार तीन बाइटचा असतो. सेड बाइट मोजत असेल तर ऐच्छिकपणा शेवटच्या बाइटपुरताच उरतो आणि नमुना फसतो. म्हणून आधी यूटीएफ-8 चे लोकेल, म्हणजे अक्षरे कशी वाचायची ते ठरवणारी मांडणी, लावावी लागते.

सेडच्या जीएनयू आवृत्तीने पुढे ‘आय’ हा पर्याय देऊन फाइल जागीच बदलण्याची सोय केली. त्याला ‘.बॅक’सारखे शेपूट जोडले की जुनी प्रत शेजारी राहते. कंसातल्या नावाचे काम इथे ती प्रत करते.